खिडकीतली फळी आणि थिबा राजाचा साग

मागच्या भागात आपण जात्या-पाट्याच्या दगडाची गोष्ट ऐकली. आज लाकडाची गोष्ट आहे. सगळ्या घराच्या लाकडाची नाही, फक्त खिडकीच्या. त्यातही खिडकीच्या आतल्या अंगाला जी फळी असते, जिच्यावर आपण टेकतो, बसतो, दिवा ठेवतो, त्या फळीची आणि तिच्या कडेच्या पट्ट्यांची.

झालं असं. आमच्या गटातली एक मैत्रीण घर बांधतेय. चिऱ्याच्या भिंती खिडकीच्या उंचीला आल्या तसा सुतार आला, खळ्यात बसला आणि तिच्या दिराला विचारू लागला, "चौकटीला काय घालूया? आणि आतल्या फळीला?" दीर मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला. तो म्हणाला, "बर्मा टीक घाला. एकदाच काय तो खर्च." सुताराने मान हलवली, माप लिहून घेतलं आणि हिच्या हातचा चहा पिऊन निघून गेला.

पुढच्या बैठकीत ही फणफणत आली. म्हणाली, "कर्ज गटाचं, हप्ते मी भरणार, त्या खिडकीत बसून तांदूळ मी निवडणार. आणि विचारलं कोणाला, तर चार दिवस गणपतीला आणि चार दिवस शिमग्याला येणाऱ्याला!" आम्ही खूप हसलो. मग तिने मला गंभीरपणे विचारलं, "ताई, हे बर्मा टीक म्हणजे नेमकं काय? खरंच एवढं चांगलं असतं?"

मी म्हटलं, सुताराला आठवडाभर थांबव. रेडिओवर सांगते.

आधी ती फळी डोळ्यांसमोर आणूया. आपल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, दीड-दोन फुटांच्या. चौकट बसायची भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, त्यामुळे आतून हातभर रुंद जागा आपोआप मिळायची. ती जागा घरातल्या पुरुषांना फारशी आठवणारही नाही. पण आजीची तपकिरीची डबी तिथे, फणी-आरसा तिथे, बाळाच्या औषधाची बाटली तिथे. पावसाळ्यात शिवण घेऊन बसायचं तिथेच, कारण घरात उजेड तेवढाच. सासुरवाशिणीने रस्ता बघितला तोही तिथूनच. अशा जागेच्या लाकडाने काय काय सोसायचं? दुपारचं ऊन एका बाजूने, भिंतीची ओल दुसऱ्या बाजूने, ओल्या हातांचं पाणी, सांडलेलं तेल, आणि भिंतीतून गुपचूप वर येणारी वाळवी. पाऊस मात्र तिच्यावर थेट पडत नाही. तो झेलते बाहेरची चौकट आणि झडपा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता साग. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून हात लाल करायचा खेळ आपण सगळ्याच खेळलोय. त्या झाडाच्या गाभ्यात एक तेलकटपणा असतो, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आषाढात फुगून आणि वैशाखात आटून ते फार वेडंवाकडं होत नाही, आणि त्यात ठोकलेला खिळा लवकर गंजत नाही. पण हे सगळे गुण गाभ्याचे, म्हणजे आतल्या तपकिरी लाकडाचे. सालीलगतचं जे पिवळट-पांढरं लाकूड असतं त्याला यातलं काही नाही. ते सागाचं असलं तरी वाळवी खाते.

सागाचं आयुष्य किती, हे बघायचं तर एकवीरा आईच्या दर्शनाला जाल तेव्हा देवळाशेजारच्या कार्ल्याच्या लेण्यात डोकवा. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडाच्या कमानी आहेत. लेणं साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्या जुन्या सागवानी कमानी अजून जागेवर आहेत. जवळच भाज्याला गेलात तर आणखी गंमत. तिथे खिडक्या, सज्जे, जाळ्या सगळं दगडात कोरलंय, पण घडण लाकडी कामाची. म्हणजे तेव्हाच्या घरांच्या लाकडी खिडक्या बघून कारागिरांनी त्या दगडात उतरवल्या. ती घरं गेली, त्यांतल्या बायका गेल्या, पण त्यांच्या खिडक्या कशा होत्या ते दगडाने सांगून ठेवलं.

एवढं चांगलं लाकूड म्हटल्यावर त्याच्यावर सत्तेची नजर पडणार हे ठरलेलंच. आपल्याकडे याचा एक जुना कागद आहे, आज्ञापत्र. साधारण १७१५-१६ च्या सुमाराचा. रामचंद्रपंत अमात्यांनी शिवाजी महाराजांच्या वेळची राज्यकारभाराची घडी त्यात नोंदवली असं मानलं जातं. आरमारासाठी लाकूड कसं आणावं याबद्दल त्यात लिहिलंय. साग वगैरे जंगलातलं लाकूड लागेल तेवढं हुकूम घेऊन तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. पण आंबा आणि फणस? ही लाकडंही आरमाराच्या उपयोगाची, हे त्यात मान्य केलंय. तरीही त्यांना हात लावायचा नाही. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं, जोर करू नये.

मला या कागदात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की झाडाच्या किमतीत ते वाढवणाऱ्या माणसाचे कष्ट धरलेत. आणि परसातला फणस वाढवतं कोण? खरकटं पाणी कोण ओततं त्याच्या मुळाशी? कागदात रयत असं लिहिलंय, मी तिथे बाई असं वाचते. इतिहासकार मला ओरडतील, ओरडू देत.

मग इंग्रज आले. त्यांच्या देशात जहाजं व्हायची ओकच्या लाकडाची, आणि लढायांवर लढाया करून त्यांचे ओक सरत आले होते. मुंबईच्या गोदीत त्यांना साग सापडला, आणि साग घडवणारे हातही सापडले. सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर मुंबईला आले, आणि पुढे दीडेकशे वर्षं त्यांच्या घराण्याने जहाजं बांधली. त्यातलं एक 'त्रिंकोमाली'. ते १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलं. आजही ते इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात उभं आहे. दोनशे वर्षं होऊन गेली.

जहाजांसाठी साग पुरेना तेव्हा कंपनी सरकारने मलबारात १८०६ साली जंगलावर अधिकारी नेमला, आणि सागावर हक्क सरकारचा असं जाहीर केलं. कोणाच्या जमिनीत उगवलाय हा प्रश्नच मिटला. लोकांचा राग इतका झाला की १८२३ मध्ये ते पद बंद करावं लागलं. पण सरकारने सागाचा नाद सोडला नाही. १८४० नंतर केरळातल्या नीलांबूरला सागाची लागवड सुरू झाली. कलेक्टर कोनोली यांचं नाव तिला मिळालं, प्रत्यक्ष काम उभं केलं चातू मेनन यांनी. ज्या गटांनी रोपवाटिका केल्यात त्यांना माहीत आहे, सागाचं बी किती हट्टी! भिजवा, वाळवा, परत भिजवा, तेव्हा कुठे डोळा उघडतं.

मग १८५३ ला आगगाडी आली आणि रुळांखाली घालायला लाकूडच लाकूड लागलं. १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. राखीव जंगल हा शब्द तेव्हापासूनचा. काल सरपण आणायला मोकळा असलेला डोंगर आज सरकारचा झाला. जोतिराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढलेत ते याच काळातले. आणि आपल्या कोकणात, उरणजवळ चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जंगल सत्याग्रहाला गेले तेव्हा गोळ्या चालल्या, माणसं मेली. आपण खिडकीच्या फळीबद्दल बोलतोय, पण त्या लाकडामागे हेही आहे.

आता बर्मा.

बर्मा म्हणजे ब्रह्मदेश, आताचा म्यानमार. तिथल्या जंगलात साग इतका की मंडालेचा राजवाडाच्या राजवाडा सागाचा होता. इंग्रजांनी आधी दोन लढाया करून त्या देशाचा समुद्राकडचा भाग घेतला होता. वरचा भाग राजाकडे होता, आणि तिथे साग तोडण्याचा ठेका घेतला होता एका कंपनीने. नाव ऐका, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. मुंबईत १८६३ साली निघालेली, इंग्रज व्यापाऱ्यांची. १८८५ साली राजाच्या दरबाराने आरोप ठेवला की कंपनी ओंडके जास्त नेते आणि पैसे कमी भरते. मोठा दंड ठोठावला. कंपनीने आरोप नाकारला. इंग्रज सरकारला तेवढं निमित्त पुरे होतं. थिबा राजा फ्रेंचांशी जवळीक करतोय हीही त्यांची पोटदुखी होतीच. नोव्हेंबर महिन्यात त्यांनी चढाई केली, दोनेक आठवड्यांत मंडाले पडलं. १८८६ चं वर्ष उजाडलं तेव्हा अख्खा ब्रह्मदेश इंग्रजांचा झाला होता.

राजाचं काय केलं? त्याला, राणी सुपयालतला आणि मुलींना बोटीत घालून आधी मद्रासला नेलं आणि मग आणलं आपल्या रत्नागिरीला. मंडालेच्या सागाच्या वाड्यात राहिलेला राजा इथल्या भाड्याच्या बंगल्यांत चोवीसएक वर्षं राहिला. १९१० च्या सुमाराला त्याच्यासाठी वाडा बांधून झाला, तोच थिबा पॅलेस. बऱ्याच जणींनी शाळेच्या सहलीत तो बघितला असेल. पुन्हा गेलात तर राजाच्या खुर्च्यांपेक्षा खिडक्या बघा. वरून अर्धगोल, लाकडावर बारीक नक्षी. ते सागवान ब्रह्मदेशातून आणलेलं, असं रत्नागिरीकर सांगतात. ज्या लाकडाच्या भांडणात राज्य गेलं, त्याच लाकडाच्या खिडकीतून तो माणूस भाट्याच्या खाडीकडे आणि समुद्राकडे बघत बसायचा. १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला.

त्या घरातल्या बायकांचं कोणी फार सांगत नाही. राजकन्या वयात आल्या, पण कैदेतल्या राजाच्या मुलींना स्थळ कुठलं बघणार? थोरलीचं मराठी पहारेकऱ्याशी नातं जुळलं आणि तिला मुलगी झाली, टुटू. राजा गेल्यावर राणी ब्रह्मदेशाला परतली. थोरली मात्र रत्नागिरीला परत आली आणि इथेच संपली. टुटू इथे वाढली, इथेच लग्न केलं, मराठी बोलली, गरिबीत पोरं वाढवली आणि २००० साली गेली. राजाची नात आपल्यासारखीच घर सारवत होती.

तर मैत्रिणींनो, बर्मा टीक या दोन शब्दांत एवढं सगळं आहे. लाकूड चांगलं असतं का? असतं. जुन्या जंगलातला सावकाश वाढलेला साग चांगलाच. पण आज दुकानात त्या नावाने जे विकतात ते तेच असेल याचा भरवसा धरू नका. म्यानमारने २०१४ पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय. आफ्रिकेतली वेगवेगळी लाकडंही टीक नावाने खपतात. लागवडीचा साग लवकर तोडला तर त्यात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड जास्त, मग त्यावर सागवानी रंग मारून फळी पुढे येते. म्हणून रंग दिलेली फळी घेऊ नका. फळीचं कापलेलं टोक बघा, गाभा किती आणि पांढरं किती ते तिथेच कळतं. रंध्याने थोडं तासायला सांगा. आतून वेगळा रंग निघाला तर उठून चालू लागा.

मी हे सगळं मैत्रिणीला आधीच थोडक्यात सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग मी काय घालू?"

मी तिला विचारलं, निसर्ग वादळात तुझा मागच्या दारचा फणस पडला होता, त्याचं काय केलंस?

जून २०२० चं ते वादळ आपल्यापैकी कोण विसरेल! तिचा सासऱ्यांच्या हातचा फणस मुळासकट आडवा झाला होता. पंचनामा झाला, फांद्या चुलीत गेल्या, आणि बुंधा तिने गिरणीवर नेऊन फळ्या पाडून आणला होता. सासू म्हणाली होती, विकून टाक. हिने त्या माळ्यावर, मध्ये काटक्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवल्या. का ठेवल्या ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढी वर्षं सावलीत वाळलेलं फणसाचं लाकूड दुकानात शोधून मिळणार नाही!

फणसाचा गाभा पिवळाधमक असतो, वर्षं जातील तसा तपकिरी होत जातो. कोकणातल्या जुन्या घरांत दारं, चौकटी, देव्हारे फणसाचे आहेतच. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची करतात. आणि एक गंमत, ब्रह्मदेशातले भिक्षू चीवर रंगवायला फणसाच्या गाभ्याचे तुकडे वापरत आले आहेत. म्हणजे त्यांचा साग इथे आणि आपला फणस त्यांच्या अंगावर.

सुताराला पुन्हा बोलावलं. यावेळी बोलणं हिने केलं. सुतार म्हणाला, "वहिनी, फणस आत चालेल, बाहेर पावसात नको. बाहेरची चौकट सागाचीच करूया." ते बरोबरच होतं, हिने ऐकलं. चौकटीपुरता साग वनखात्याच्या लिलावातला, पावती असलेला घेतला. आतल्या सगळ्या फळ्या आणि पट्ट्या फणसाच्या. कडेचं पांढरं लाकूड कापून टाकायला लावलं, त्याने दोन फळ्या अरुंद झाल्या. तिथे जोड दिला.

पट्ट्यांबद्दल दोन शब्द. पूर्वी चौकट भिंतीबरोबरच बसवायचे आणि मातीने लिंपायचे, पट्टी लागत नसे. आता आपण प्लास्टर करतो. लाकूड आटतं, प्लास्टर आटत नाही, आणि मध्ये भेग पडते. ती झाकायची म्हणून पट्टी. तेव्हा पट्टी चौकटीला ठोकायची, आणि फळीच्या टोकाला भिंतीपासून सूतभर फट सोडायची, म्हणजे श्रावणात फुगली तरी भिंत उकलत नाही. फळीच्या खालच्या अंगाला, जिथे ती चिऱ्यावर टेकते, तिथे बसवण्याआधीच तेल द्या. वाळवी येते ती खालूनच. वासे आणि होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल बाहेर ठीक आहे, पण ते हात पोळतं, म्हणून आपण बसतो त्या फळीला नको. तिथे जवसाचं तेल बरं.

आणि हो, उभं झाड तोडणार असाल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. आपल्या रत्नागिरीत बरंच जंगल खाजगी मालकीचं आहे. म्हणून लोकांना वाटतं झाड आपलं, कुऱ्हाड आपली. पण महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आणि परवानगी लागणाऱ्या झाडांत साग आहे तसे आंबा, फणस, ऐन, किंजळ, चिंच, मोहही आहेत. आज्ञापत्रात मालकाला राजी करा म्हटलं होतं, आता मालकाने सरकारला राजी करायचं.

गणपतीला दीर आला. नव्या घरात पाऊल टाकलं आणि जाऊन बसला तो खिडकीतच. फळीवर हात फिरवला. "वा! बर्मा टीक झकास आहे," म्हणाला.

"बाहेरचं आहे ते चंद्रपूरकडचं," ही म्हणाली. "तुम्ही बसलाय तो तुमच्या बाबांचा फणस, भावोजी."

तो खाली वाकून फळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, लहानपणी याच्यावरून पडून माझा हात मोडला होता. सासूबाई माजघरातून ओरडल्या, "उजवा!"

माळ्यावर अजून दोन फळ्या शिल्लक आहेत. त्यांचा देव्हारा करायचा की गटाच्या खोलीत बसायला बाक, यावर या शनिवारी बैठकीत वाद होणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी चारला या. पुढच्या भागात आपण बोलूया कौलांबद्दल. मंगलोरी कौलं कोकणात कशी आली ते ऐकूया. नमस्कार.